गादी एक, झोपणारे दोघे : कडकपणा बदलता येणारी हवेची गादी घ्यावी का?

प्रश्न : आमची फोमची गादी मधोमध खचली आहे आणि आता ती बदलावीच लागणार आहे. मला कुशीवर झोपण्याची सवय आहे आणि सकाळी उठताना खांदा व खुबा दुखतो. माझे पती उताणे झोपतात, त्यांचे वजन माझ्यापेक्षा ३५ किलोंनी जास्त आहे आणि त्यांना कडक गादीच मानवते. दुकानात आम्हाला पंपाने कडकपणा कमी-जास्त करता येणारी हवेची गादी दाखवली. विक्रेत्याने आम्हाला दहा मिनिटे झोपवून प्रत्येकाचा 'योग्य आकडा'ही सांगितला. माझ्या भावाचे म्हणणे असे, की हवेची गादी पाहुण्यांपुरती ठीक, रोजच्या झोपेसाठी नाही. आमची नऊ महिन्यांची मुलगी पहाटे कधी कधी आमच्यामध्ये झोपते. ही गादी घ्यावी का, आणि घ्यायची तर काय पाहून घ्यावी?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो तुम्हा दोघांमधला फरक. अशा गादीचे अनेक गुण सांगितले जातात, परंतु रोजच्या वापरासाठी तिच्यावर जास्त पैसे घालावेत आणि तिची जास्त निगा राखावी, याला पुरेसे कारण माझ्या मते एकच आहे : एका पलंगावर झोपणाऱ्या दोघांची गरज खरोखर वेगळी असणे, किंवा एकाच माणसाची गरज वजनातील बदल, गरोदरपण अथवा दुखणे यांमुळे पुढे बदलत जाण्याचा संभव असणे. ज्या दोघांना एकच साधी गादी सुखाची वाटते, त्यांना मी पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह असलेली गादी घ्या असे कधी सांगणार नाही, कारण जितके भाग जास्त तितक्या बिघडण्याच्या जागा जास्त. तुमचे तसे नाही. त्यामुळे ही गादी तुम्ही जरूर विचारात घ्यावी. मात्र दहा मिनिटांत मिळालेला तो आकडा विसरून जावा आणि गादी त्या आकड्यावरून निवडू नये.

तुमच्या भावाचा आक्षेप चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या वस्तूबद्दलचा आहे. पाहुण्यांसाठी किंवा तंबूत वापरण्यासाठी जी फुगवायची गादी मिळते, ती बहुधा पीव्हीसीची एकच मोठी पिशवी असते. तिच्या संपूर्ण जाडीत हवाच असते आणि आपण जवळजवळ थेट त्या हवेवर झोपतो. रोजच्या वापराच्या गादीत हवेचे कप्पे फोमच्या चौकटीत आत बसवलेले असतात, त्यांच्यावर फोमचे किंवा लेटेक्सचे थर असतात आणि हे सगळे चेन असलेल्या खोळीत असते. बाहेरून पाहिले तर ती नेहमीच्या जाड गादीसारखीच दिसते. घरगुती वापरासाठी अशी गादी मोठ्या प्रमाणावर विकण्याचे काम अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८७ साली सुरू झालेल्या सिलेक्ट कम्फर्ट या कंपनीने केले. २०१७ पासून ती स्लीप नंबर या नावाने ओळखली जाते. आकड्याने कडकपणा सांगण्याची पद्धत लोकांच्या परिचयाची झाली ती मुख्यतः तिच्यामुळेच. याच कुळातील तिसरी वस्तू म्हणजे रुग्णालयातील हवेची गादी. तिचे कप्पे आळीपाळीने भरत आणि रिकामे होत राहतात, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या त्वचेवर एकाच जागी सतत दाब पडून जखमा होण्याचा धोका कमी होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायची असते आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही, परंतु दुकानात हे तीनही प्रकार 'एअर बेड' या एकाच नावाखाली मांडलेले असतात, म्हणून सांगितले.

आता या गादीत हवा नेमके काय काम करते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण हे एकदा समजले की निवडीतला अर्धा गोंधळ संपतो. समजा, ७० किलो वजनाचा माणूस गादीवर झोपला आणि त्याच्या शरीराचा अर्धा चौरस मीटर भाग, म्हणजे ५,००० चौरस सेंटिमीटर, गादीला टेकला. मग प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सरासरी केवळ १४ ग्रॅम भार येतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो असतो. म्हणजे गादीतील दाब टायरच्या तुलनेने अगदीच किरकोळ असतो आणि म्हणूनच त्यातला थोडासा बदलही पाठीला लगेच जाणवतो. पंप किती जोरदार आहे याची जाहिरातीतील वर्णने त्यामुळे फारशी कामाची नसतात. पंपाने हवा किती बारीक टप्प्यांनी कमी-जास्त करता येते आणि नंतर व्हॉल्व्ह ती किती काळ तशीच धरून ठेवतो, हे दोन प्रश्न मात्र जरूर विचारावेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एका कप्प्यातील हवेचा दाब त्या कप्प्यात सर्वत्र सारखाच असतो. शाळेत पास्कलचा नियम म्हणून आपण हे शिकलेले असतो. याचा अर्थ, खांद्याखाली मऊ आणि कंबरेखाली कडक राहणे एकट्या हवेला जमत नाही. हवा कमी केली तर ती सगळीकडेच मऊ होते, खांदा सुखावतो आणि त्याच वेळी जड खुबा खाली जाऊन कंबर वाकडी होते. हवा वाढवली तर कंबर सावरते आणि खांदा पुन्हा दाबला जातो. कुशीवर झोपणाऱ्याची खरी अडचण हीच असते. ती सोडवण्याचे काम वरच्या फोमच्या किंवा लेटेक्सच्या थराचे आहे, कारण तो जिथे जास्त दाबला जातो तिथे जास्त दबतो आणि बाकी ठिकाणी आपली जागा धरून राहतो. हवा शरीराला खालून आधार देते, वरचा थर त्या आधाराला शरीराचा आकार देतो. स्वस्त गाद्यांमध्ये नेमका हाच थर एक-दोन सेंटिमीटरचा असतो आणि मग वापरणारा रात्रभर रिमोट हातात घेऊन जो समतोल शोधत असतो तो त्या गादीत मुळात नसतोच. तुमच्यासारख्या कुशीवर झोपणाऱ्या व्यक्तीने कप्प्यावर किमान पाच सेंटिमीटरचा चांगला, दाट फोमचा किंवा लेटेक्सचा थर असल्याशिवाय गादी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोळीची चेन उघडून तो थर डोळ्यांनी पाहावा आणि बोटांनी दाबून पाहावा. ज्या दुकानात चेन उघडू देत नाहीत तिथे खरेदीच करू नये. काही गाद्यांमध्ये प्रत्येक बाजूला खांदे, कंबर आणि पाय यांसाठी वेगळे कप्पे असतात. त्यामुळे वर सांगितलेली अडचण काही अंशी कमी होते, पण व्हॉल्व्ह आणि नळ्यांची संख्या वाढते; चांगला वरचा थर असलेली दोन कप्प्यांची गादी मला त्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

तुमच्या पतींना कडक गादीच मानवते असे तुम्ही लिहिता, त्याबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. पाठ दुखत असेल तर जितके कडक झोपावे तितके बरे, ही समजूत फार जुनी आहे. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरेचे जुने दुखणे असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे आणि हालचालींतला त्रास अधिक कमी झालेला आढळला. यावरून प्रत्येकाने मध्यम कडकच निवडावी असे मी म्हणणार नाही, पण पतींनी आपल्या बाजूला कायम शेवटचा आकडा लावून ठेवण्याआधी थोडे खाली येऊन पाहावे, असे मात्र सुचवेन. जड माणसाला जास्त हवा लागते हे खरे आहे. त्याचे कारण असे, की त्याच्या भाराने कप्पा अधिक दबतो आणि कमी हवेत खुबा थेट तळाला टेकण्याची भीती असते. तेव्हा त्यांना हवा असलेला कडकपणा हा सवयीचा आहे की खचलेल्या गादीमुळे मनात बसलेला आहे, हे नवी गादी आल्यावरच कळेल.

आपला कडकपणा शोधण्याची माझी रीत अगदी साधी आहे, फक्त तिला धीर लागतो. तुम्ही कुशीवर झोपा आणि पतींना मागून पाहायला सांगा : मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा जमिनीला समांतर आणि शक्य तितकी सरळ हवी. मधला भाग खाली झुकत असेल तर हवा कमी आहे, खांदा वर उचललेला राहून कंबरेखाली पोकळी दिसत असेल तर हवा जास्त आहे. पाहताना डोक्याखाली रोजचीच उशी असू द्यावी, कारण मानेची रेषा गादीपेक्षा उशीवर अधिक अवलंबून असते. पती उताणे झोपल्यावर त्यांच्या कंबरेखाली तळहात सरकवून पाहावा; हात सहज आरपार जात असेल तर गादी त्यांच्यासाठी जास्त कडक आहे, आणि हात शिरतच नसेल तर ती बहुधा जास्त मऊ आहे. तिसरी तपासणी परिचारिका रुग्णांच्या हवेच्या गादीसाठी करतात तीच : झोपलेल्या माणसाच्या खुब्याच्या बरोबर खाली, कप्प्याच्या तळाशी हात सपाट सरकवायचा आणि वर किमान अडीच सेंटिमीटर हवेची जाडी शिल्लक आहे का ते चाचपायचे. ती नसेल तर तो माणूस हवेवर नव्हे, पलंगाच्या फळीवर झोपलेला आहे असे समजावे.

यानंतर सुरुवातीचा आकडा ठरवून सलग तीन-चार रात्री त्यात काहीही बदल करू नये आणि सकाळी उठल्याबरोबर कुठे दुखते ते दोन शब्दांत लिहून ठेवावे. मग हवा अगदी थोडी कमी करावी आणि पुन्हा तितक्याच रात्री थांबावे. रोज रात्री आकडा बदलणाऱ्यांना आपला आकडा कधीच सापडत नाही, कारण काल रात्रीचे दुखणे कोणत्या कडकपणाचे होते हेच त्यांना सांगता येत नाही. आणखी एक लक्षात घ्यावे : हा आकडा म्हणजे किलो किंवा सेंटिमीटर यांसारखे सर्वत्र एकच असलेले माप नव्हे. एका कंपनीच्या गादीवरचा ५० आणि दुसरीच्या गादीवरचा ५० यांचा काही संबंध नसतो, आणि वजनात ३५ किलोंचा फरक असलेल्या दोघांना एकाच गादीवरचा एकच आकडाही सारखा वाटणार नाही. माणूस गादीवर झोपताच आतला दाब वाढतो, म्हणून हवा झोपलेल्या स्थितीत मापायची की गादी रिकामी असताना, हे सूचनापत्रात पाहून प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने करावे.

दोघांसाठी दोन स्वतंत्र कप्पे असणे तुमच्या बाबतीत अनिवार्य आहे. एकच कप्पा असलेल्या मोठ्या गादीवर जड माणसाच्या बाजूची हवा हलक्या माणसाकडे सरकते आणि एक जण कूस वळला की दुसरा वर उचलला जातो. दोन कप्पे असूनही पंप बहुधा एकच असतो आणि त्याला दोन नळ्या असतात. अशा वेळी पंपातील व्हॉल्व्ह एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाहीत ना, याची खात्री करावी. ही खात्री दुकानातच होते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या कडकपणावर ठेवाव्यात, एकावर पतींनी पंधरा मिनिटे बसून राहावे आणि दुसऱ्या बाजूचा आकडा हलला का ते पाहावे. दोन कप्प्यांच्या मधोमध एक चर किंवा उंचवटा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या कडकपणात अंतर जितके जास्त तितका तो अधिक जाणवतो. दोघांवरून सलग जाणारा वरचा थर असेल तर तो बराचसा झाकला जातो. पलंगाच्या कडेवर बसूनही पाहावे. कडेची फोमची चौकट दुबळी असेल तर बसणारा घसरतो, आणि आपण सगळेच दिवसातून कितीतरी वेळा गादीच्या कडेवर बसत असतो.

त्या मधल्या चरावरूनच मी तुमच्या मुलीकडे येतो आणि इथे मला कोणतीही सूट द्यायची नाही. हवेच्या गादीवर तान्ह्या मुलांना झोपवू नये. मऊ पृष्ठभागात बाळाचे तोंड आणि नाक दाबले जाऊ शकते, दोन कप्प्यांमधील किंवा गादी आणि भिंत यांमधील फटीत बाळ अडकू शकते, आणि मोठ्या माणसाच्या वजनाने गादी जिकडे उतरती होते तिकडे ते घरंगळते. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाचा १५ महिन्यांपर्यंतच्या बाळांना हवेच्या गादीवर झोपवू नये असा इशारा फुगवायच्या गाद्यांसाठी आहे, परंतु बाळाला धोका ज्या कारणांनी होतो ती कारणे तुमच्या गादीलाही लागू पडतात. कडकपणा पूर्ण वाढवला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. मुलीसाठी तिचा सपाट, घट्ट गादीचा वेगळा पाळणा तुमच्या पलंगाशेजारी ठेवावा, आणि पहाटे तिला जवळ घेऊन दूध पाजल्यावर झोप येऊ लागली तर तिला पुन्हा त्यातच ठेवावे. नवी गादी घरात येण्याआधी ही सवय लागलेली असावी.

पंपाविषयी मी थोडक्यात सांगतो. वीज गेल्यावर हवा आतच राहते ना, हे विचारावे आणि दुकानातच प्लग काढून पाहावे. चांगल्या गादीत वीज गेली तर केवळ कडकपणा बदलता येत नाही, गादी खाली बसत नाही. पंपाचा आवाज दिवसा दुकानातल्या गजबजाटात कमी वाटतो, मध्यरात्री तोच खोलीभर होतो. पंप लाकडी जमिनीवर असेल तर त्याखाली रबराचा जाड तुकडा ठेवल्याने थरथर बरीच कमी होते. कूस बदलली की आपोआप हवा कमी-जास्त करणाऱ्या गाद्यांमध्ये पंप रात्रीतून अनेकदा चालू होतो. झोप सावध असलेल्यांनी ती सोय बंद करता येते का ते आधी पाहावे. काही गाद्या आतील दाबाच्या सूक्ष्म चढउतारांवरून श्वासाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज घेतात आणि ती माहिती फोनवरच्या ॲपला पाठवतात. मला स्वतःला याची गरज वाटत नाही. तुम्हाला ती वाटली, तरी कडकपणा बदलणे हे मूळ काम इंटरनेटविना, साध्या रिमोटने किंवा पंपावरच्या बटणाने झालेच पाहिजे असा आग्रह धरावा. ज्या गादीचा उपयोग एखादे ॲप चालू असण्यावर अवलंबून आहे तिचे आयुष्य त्या ॲपइतकेच.

कप्प्याच्या कापडाकडे मात्र सावकाश पाहावे. पीव्हीसीचा कप्पा स्वस्त असतो, सुरुवातीला त्याला वास येतो आणि तो सततच्या ताणाने हळूहळू सैल पडतो. रबराचा किंवा रबराचा लेप दिलेल्या कापडाचा कप्पा आपला आकार अधिक काळ टिकवतो, आणि टीपीयू नावाचे प्लॅस्टिक पीव्हीसीपेक्षा लवचीक असते. गळती बहुधा सपाट पृष्ठभागातून होत नाही; ती जोडाच्या ठिकाणी, नळीच्या तोंडाशी किंवा व्हॉल्व्हपाशी होते. म्हणून कप्पा, पंप, नळी आणि रिमोट हे भाग सुटे मिळतात का, किती वर्षे मिळतील आणि ते घरच्या घरी बसवता येतात का, हे लेखी विचारून घ्यावे. माझ्या दृष्टीने गादी निवडताना हा प्रश्न कडकपणाच्या टप्प्यांपेक्षाही वरचा आहे. साध्या गादीत एक भाग खचला की सगळी गादी टाकावी लागते, तर या गादीत बिघडलेला भाग बदलता येतो, हाच तिचा मोठा फायदा आहे. सुटे भाग मिळत नसतील तर तो फायदाही हातचा जातो.

नवी गादी आल्यावर पहिल्या आठवड्यात ती रोज थोडी मऊ होत आहे असे वाटेल, आणि त्याने घाबरून जाऊ नये. कप्प्याचे कापड ताणून आपल्या आकारात बसते, तितकी हवा पुन्हा भरावी लागते. थंडीतही असेच होते. खोली ३० अंशांवरून २० अंशांवर आली की त्याच दाबाची हवा सुमारे तीन टक्क्यांनी आकसते. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या कप्प्यात हा फरक अर्ध्या सेंटिमीटरइतका होतो. मी स्वतः पहिल्या हिवाळ्यात गादी गळते अशी तक्रार केली होती, विक्रेत्यानेही फारशी चौकशी न करता व्हॉल्व्ह बदलून दिला, आणि नव्या व्हॉल्व्हनेही पहाटे गादी तशीच मऊ होत राहिली तेव्हा माझ्या लक्षात आले की दोष थंडीचा आहे. तेव्हापासून मी गळती अशी तपासतो : गादी पूर्ण भरायची, तिच्यावर कोणीही झोपायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, खोलीत तितकाच उबारा असताना आकडा पाहायचा. तो स्पष्टपणे उतरला असेल तर जोड आणि नळीच्या टोकांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जिथे येतील तिथे गळती आहे. ती बुजवण्यासाठी टायर दुरुस्तीचा फवारा कदापि वापरू नये, कारण त्यातील वायू पेट घेणारा असू शकतो आणि तो बंद कप्प्यात साठून पंपाच्या ठिणगीने स्फोट होण्याचा धोका असतो. कंपनीचे ठिगळ लावावे किंवा कप्पा बदलावा.

ओलावा हा या गादीचा दुसरा शत्रू आहे, आणि त्याबद्दल विक्रेते क्वचितच बोलतात. शरीराची वाफ फोममधून खाली उतरते, पण रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या कप्प्यातून ती पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे कप्पा आणि फोम यांच्यामध्ये दमटपणा साठतो आणि बुरशी धरू शकते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी चेन उघडून वरचा थर उचलावा, कप्पा कोरड्या फडक्याने पुसावा आणि दिवसभर हवा लागू द्यावी. पलंगाचा तळ सपाट आणि गुळगुळीत हवा. पट्ट्यांचा असेल तर त्या जवळ जवळ असाव्यात आणि कुठेही खिळ्याचे डोके वर आलेले नसावे. ज्या पलंगात गादीखाली पेटी असते त्यात पंप कोंडून ठेवू नये, त्याला मोकळी हवा लागते. पातळ वरच्या थराची गादी थंडीत खालून गारही लागते, कारण कप्प्यातील हवा फिरत राहून अंगाची ऊब तळाकडे नेते. पाच सेंटिमीटरच्या थराबद्दल मी धरलेल्या आग्रहाचे हे आणखी एक कारण.

खरेदीच्या अटींमध्ये परतीच्या मुदतीकडे सर्वांत आधी पाहावे. खचलेल्या गादीची सवय झालेल्या शरीराला नवा आधार अंगवळणी पडायला तीन-चार आठवडे सहज लागतात, त्यामुळे तीस रात्रींपेक्षा कमी मुदत म्हणजे मुदत नसल्यासारखेच. परतीचा वाहतूक खर्च कोणाचा, आणि डाग पडल्यास परत घेतात का, हेही विचारावे. पहिल्या रात्रीपासून वर धुता येणारी खोळ घालावी. हमीपत्रात मोठा आकडा लिहिलेला असला तरी पूर्ण भरपाई पहिली किती वर्षे आणि त्यानंतर आपला वाटा दरवर्षी किती वाढत जातो, हे बारीक अक्षरांत दिलेले असते. तेच वाचायचे असते.

पैसे देण्याआधी एक प्रयोग मात्र जरूर करा. एक आठवडा तुम्ही घरातल्या दुसऱ्या, मऊ गादीवर झोपून पाहा किंवा सध्याच्या गादीच्या न खचलेल्या कडेला झोपा. त्याने खांदा आणि खुबा दुखायचे थांबले, तर दोष गादीचा होता हे कळेल आणि आपल्याला मऊपणा हवा की केवळ सपाटपणा, याचाही अंदाज येईल. दुखणे तसेच राहिले, रात्री त्याने जाग येऊ लागली, हात वर उचलताना त्रास होऊ लागला किंवा हातापायांत मुंग्या येऊ लागल्या, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. कोणतीही गादी त्याला उपाय नव्हे.

आणि या गादीला एक साधा पर्यायही आहे, तो मी तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. एकाच पलंगात, एकाच उंचीच्या पण वेगवेगळ्या कडकपणाच्या दोन एकेरी गाद्या शेजारी शेजारी ठेवता येतात. त्यांना पंप नाही, वीज नाही, गळती नाही, आणि मधली फट वर एक सलग पातळ थर अंथरून झाकता येते. त्यांच्यात नाही ती एकच गोष्ट : वर्ष-दोन वर्षांनी गरज बदलली तर कडकपणा बदलण्याची सोय. तुम्हाला किती मऊ आणि पतींना किती कडक हवे हे दोघांनाही आजच नक्की ठाऊक असते, तर मी तुम्हाला सरळ हाच पर्याय सुचवला असता. ते ठाऊक नाही, तुम्हाला ते शोधायचे आहे, म्हणून दोन कप्प्यांची, जाड वरच्या थराची, सुटे भाग मिळणारी आणि पुरेशा मुदतीत परत करता येणारी हवेची गादी घ्या. परतीची शेवटची तारीख गादी घरी येईल त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या तारखेच्या एक आठवडा आधी सकाळच्या नोंदींची वही दोघांनी मिळून वाचा. दोघांपैकी एकाचीही सकाळ सुधारलेली नसेल तर ती निःसंकोच परत करा आणि दोन एकेरी गाद्या आणा. किती कडकपणाच्या आणायच्या, हे तोपर्यंत त्याच वहीतून तुम्हाला कळलेले असेल.